भातातला टारफुला

मला फुलांवर बोलायला सांगितलं होतं. कवी म्हटला की त्याला मोगरा, प्राजक्त, फार तर बाभळीचं फूल द्यावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी मात्र ज्या फुलाबद्दल बोलणार आहे ते कुणी केसांत माळत नाही, देवाला वाहत नाही, मजारीवरही चढवत नाही. आमच्याकडे त्याला टारफुला म्हणतात. वीतभर उंचीचं रोप, त्याला बारीक पांढरी फुलं. ते ज्वारीच्या बुडाशी उगवतं. आणि जिथं ते उगवतं तिथली ज्वारी घरी येत नाही.

माझं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, कवठेमहांकाळच्या बाजूचं. आमची साडेतीन एकर माळाची जमीन, मुरमाड. शेजारी तेवढीच चाचांची. अब्बा आणि चाचा वेगळे झाले होते, पण घरं एकाला एक लागून होती. मधल्या भिंतीत एक दार होतं आणि ते दिवसभर उघडंच असायचं. कालवण संपलं की वाटी त्या दारातून पलीकडे जायची आणि भरून यायची.

मी सहावीत होतो त्या वर्षीची गोष्ट. आम्ही हायब्रीड ज्वारी पेरली होती, चाचांनी भुईमूग. पाऊस वेळेवर झाला होता. मूठभर माती घेऊन दाबली तर लाडू वळावा अशी ओल होती. आणि तरीही आमची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन तिथंच थांबली. पानं सुरळीसारखी वळली, शेंडे पिवळे पडले. भर पावसाळ्यात उन्हाळ्यातल्यासारखं पीक दिसायला लागलं. बांधापलीकडे चाचांचा भुईमूग मात्र हिरवागार.

अब्बांनी दर्ग्यातला तावीज आणून शेताच्या कोपऱ्यात पुरला. आईनं भैरोबाचा अंगारा आणून चारी बांधांवर टाकला. आमच्याकडे दोन्ही चालायचं. पण ज्वारी काही उठली नाही. मग कुणीतरी अब्बांच्या कानात घातलं की पेरणीनंतर तुमची भावजय सकाळच्या पारी ओल्या केसांनी बांधावर उभी होती. बस्स, एवढंच. चाची खरोखरच उभी असेल. तिचं शेत होतं, ती आणखी कुठं उभी राहणार? पण त्या आठवड्यात अब्बांनी गवंडी बोलावला आणि मधलं दार दगडमातीनं बुजवून टाकलं.

पुढे पंधरा दिवसांनी ज्वारीच्या बुडाशी ती पांढरी फुलं आली. मला काय कळतंय! मी मूठभर तोडली आणि शाळेत नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंना आवडली. आज वाटतं, त्या रोपांच्या खालच्या बोंडांत तेव्हाच बी धरलेलं असणार, आणि शाळेपर्यंतच्या वाटेवर मी ते किती शेतांच्या कडेनं सांडत गेलो असेन.

नंतर शेतकी खात्याचा एक माणूस सायकलवरून आला. त्यानं खुरप्यानं एक ज्वारीचं ताट मातीच्या ढेकळासकट उकरलं, बादलीत बुडवून हळूहळू धुतलं आणि अब्बांच्या हातात दिलं. टारफुल्याचं मूळ ज्वारीच्या मुळाला चिकटून आत शिरलेलं होतं. तो म्हणाला, “हे ज्वारीच्या जिवावर जगतंय. पुढल्या साली हितं ज्वारी नको. तुमच्या भावासारखा भुईमूग करा.”

भावासारखा! अब्बांनी ते ताट बांधावर फेकलं. “गवत कधी ज्वारी खातंय व्हय?” असं म्हणाले आणि पुढच्या वर्षी हट्टानं ज्वारीच पेरली.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. कुठल्या कवितेतही ते आलं नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीनं मोबाइलवर एक फोटो पाठवला. तिचे यजमान टांझानियात दार-ए-सलामला हिशेबनीस आहेत. तिथल्या बाजारात क्येलाचा तांदूळ म्हणून एक वासाचा तांदूळ मिळतो, आपल्या आंबेमोहोरासारखा त्याला मान आहे. हे क्येला देशाच्या पार दक्षिणेला, न्यासा नावाच्या अफाट सरोवराच्या उत्तर टोकाला आहे. सरोवर बघायला म्हणून ही दोघं तिकडे गेली होती. वाटेत भाताच्या शेतात तिला लालभडक फुलं दिसली. फोटोखाली तिनं लिहिलं होतं, “मामू, भातात केवढी सुंदर फुलं! कविता लिहा.”

मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. फुलं लाल, पण रोप ओळखीचं. पानं तशीच बारीक, रोपाची ठेवण तीच. आणि फुलांच्या आसपासचं भात खुरटलेलं, पिवळं. शास्त्रातलं त्याचं नाव स्ट्रायगा. आपल्याकडे त्याची फुलं बहुतेक पांढरी असतात, आफ्रिकेत त्याच जातीची फुलं लाल असतात. म्हणजे माझ्या शाळेच्या टेबलावरचा टारफुला तिकडे लाल रंगात, ज्वारीऐवजी भातात उभा होता.

मी बी.ए. झालेला माणूस, तेही मराठी घेऊन. पण त्या फोटोनंतर मी एका कृषी महाविद्यालयातल्या प्राध्यापक स्नेह्यांना पिडलं. त्यांनी मला लेख वाचायला दिले, न समजलेलं समजावून दिलं. त्यातलं मला जे उमगलं ते सांगतो.

भात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाणी येतं. कोकणात, मावळात, भंडारा-गोंदियाकडे चिखलणी करायची, बांध घालून पाणी तुंबवायचं, रोपं लावायची. पाण्याखाली बुडालेल्या मातीत टारफुल्याला डोकं वर काढता येत नाही. म्हणून आपल्या भात लावणाऱ्या बाईला टारफुला माहीत नसतो, तो माहीत असतो ज्वारी-बाजरीवाल्याला. पण आफ्रिकेतलं बरंचसं भात नुसत्या पावसावर होतं. ना बांध, ना पाट. उंचावरच्या कोरड्या रानात बी टाकायचं किंवा सखल ओलसर भागात पेरायचं आणि आभाळाकडे बघत बसायचं. अशा भाताला टारफुला गाठतो.

आणि एकटा टारफुला नव्हे. सखल, ओलसर भागात त्याची एक लांबची बहीण आहे. तिचं शास्त्रीय नाव ऱ्हॅम्फिकार्पा. म्हणजे चोचीसारखं फळ असणारी. शास्त्रज्ञांनी मात्र तिला ‘भाताची रक्तपिपासू’ अशा अर्थाचं इंग्रजी नाव दिलं आहे. टारफुला पूर्ण परावलंबी, दुसऱ्याचं मूळ मिळालं नाही तर तो उगवूच शकत नाही. ही तशी नाही. एकटी असली तरी जगते, फुलते, बीसुद्धा धरते. पण जवळ भाताचं मूळ लागलं की त्याला चिकटते आणि मग एकटीनं वाढली असती त्याच्या कितीतरी पट वाढते. तिची फुलं पांढरी, लांब नळीची. ती संध्याकाळनंतर उमलतात आणि रात्रीचे पतंग त्यांच्यावर येतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला मोहात पाडायला एवढं पुरे आहे! अंधारात भाताच्या शेतावर शेकडो पांढरी फुलं उघडली आहेत, पतंग भिरभिरताहेत. आणि खाली भात मरतं आहे.

क्येलामध्ये या दोघींनी जमीन जणू वाटून घेतली आहे. वरच्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या पट्ट्यात टारफुला, खालच्या ओल्या पट्ट्यात ही. त्यामुळे एखाद्या बाईचा एक तुकडा वर आणि एक खाली असला तर दोन्हीकडून मार.

आकडे कवीनं सांगू नयेत म्हणतात, पण हे सांगितले पाहिजेत. २०१६ साली काही संशोधकांनी सगळ्या आफ्रिकेचा हिशेब मांडला. पावसावरच्या भाताची सुमारे १३ लाख ४० हजार हेक्टर जमीन या परोपजीवी तणांनी धरलेली. निदान ३१ देशांत त्यांचा वावर. नायजेरिया, गिनी, माली, टांझानिया, मादागास्कर अशी नावं त्यात आहेत. जवळजवळ साडेनऊ लाख कुटुंबांच्या ताटाशी या तणांचा संबंध येतो. वर्षाचं नुकसान कमीत कमी ११ कोटी १० लाख डॉलर, आणि ते दर वर्षी वाढतं आहे. एकेका शेतात निम्म्याहून जास्त भात जातं, कधी काहीच हाती लागत नाही. बेनिनमध्ये तर ऱ्हॅम्फिकार्पामुळे लोकांनी शेतंच सोडून दिल्याची नोंद आहे.

आता हे तण करतं काय? टारफुल्याचं बी डोळ्याला नीट दिसतही नाही, मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढं. एक रोप असं हजारोंनी बी टाकतं. ते मातीत दहा दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त, जिवंत पडून राहतं. नुसता पाऊस पडला म्हणून ते उगवत नाही. इतक्या बारीक बियांत शिदोरी ती किती? उगवल्यावर काही दिवसांत दुसऱ्याचं मूळ सापडलं नाही तर मरण ठरलेलं. म्हणून ते वाट बघतं. जवळ खरोखर मूळ आल्याची खूण मिळाली तरच फुटतं.

ही खूण कोणती, याचा शोध मला फार विलक्षण वाटला. १९६६ साली शास्त्रज्ञांना कापसाच्या मुळांतून पाझरणारं एक द्रव्य सापडलं, ज्यानं टारफुल्याचं बी उगवतं. गंमत म्हणजे कापसावर टारफुला जगतच नाही. मग झाडं असं द्रव्य मातीत सोडतात तरी कशाला? स्वतःच्या शत्रूला आवतण कोण देईल? याचं उत्तर मिळायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. २००५ साली कळलं की हे बोलावणं शत्रूला नसतंच. मातीत काही उपकारक बुरशी असतात. त्या मुळांशी सोबत करतात, मातीतला स्फुरद आणून देतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. झाड हाक मारतं ती या सोबत्यांना. टारफुल्यानं फक्त ती हाक ऐकायला शिकून घेतलं.

आणि यातली पुढची गोष्ट ऐका. जमिनीत स्फुरद कमी असेल, मूळ उपाशी असेल, तर ते जास्त द्रव्य सोडतं. म्हणजे जमीन जितकी गरीब, तितकी हाक मोठी. खत घातलेल्या कसदार रानातलं पीक हळू बोलतं. आमच्या मुरमाड माळावरची ज्वारी ओरडत असणार. क्येलाच्या वरच्या पट्ट्यातलं भातही. ज्या बाईकडे खताला पैसे नाहीत तिच्याच शेतात टारफुला अधिक येतो, तो आला की पीक जातं, आणि पीक गेलं की पुढच्या वर्षीही खताला पैसे नसतात. पश्चिम आफ्रिकेत कितीतरी ठिकाणी सखल रानातलं भात हे बायकांचंच पीक आहे, आणि खुरपणंही त्यांचंच.

खुरपायचं तरी कधी? टारफुला मातीवर दिसायच्या आधी कित्येक आठवडे खाली मुळाला लागलेला असतो. पिकाचं जे व्हायचं ते तोवर झालेलं असतं. आणि तो जेवढं पितो त्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतो. त्याच्या नुसत्या लागण्यानंच पीक खुरटतं, पानांचं अन्न बनवण्याचं काम मंदावतं. वर काहीच दिसत नाही आणि पाणी असून पीक सुकतं. म्हणून तर जगभर लोकांना यात करणी दिसली. इंग्रजीत या तणाचं नावच चेटकिणीचं तण. माझे अब्बा एकटे नव्हते.

याच टारफुल्याची एक अमेरिकन गोष्टही आहे. १९५६ साली कॅरोलिना भागातल्या मक्यात तो सापडला. ओळखला कुणी? तिथं शिकायला गेलेल्या एका भारतीय विद्यार्थ्यानं, कारण त्यानं तो घरी पाहिलेला होता. मग तिथल्या सरकारनं रानंच्या रानं बंदोबस्तात घेतली, औजारं धुतल्याशिवाय बाहेर नेऊ दिली नाहीत, आणि जमिनीत इथिलीन वायू सोडला. त्या वायूनं बी फसतं, मूळ आलं असं समजून फुटतं आणि उपाशी मरतं. कोट्यवधी डॉलर आणि काही दशकं घालवून त्यांनी चार लाख एकरांहून जास्त जमीन जवळजवळ साफ केली. म्हणजे हे तण हटत नाही असं नाही. सरकारकडे पैसा आणि चिकाटी असली की हटतं. मला या गोष्टीचं कौतुकही वाटतं आणि राग पण येतो.

क्येलाच्या बाईच्या हाती वायूचे नळ नाहीत. तिच्या हाती आहे कुदळ, बियाणं आणि पेरणीची तारीख. संशोधकांनीही मग तिथूनच सुरुवात केली. त्यांना दिसलं की वरच्या पट्ट्यात पेरणी थोडी उशिरा केली तर टारफुला कमी येतो, आणि खालच्या पट्ट्यात लवकर केली तर ऱ्हॅम्फिकार्पा कमी येते. एकीवरचा उपाय दुसरीवर उलटतो. खताचंही तसंच. टारफुला जसा खतानं दबतो तशी दुसरी दबेलच असं नाही. आफ्रिकेचं मूळचं भात आणि आपलं आशियातलं भात यांच्या संकरातून नेरिका नावाची वाणं निघाली. सिएरा लिओनचे माँटी जोन्स यांना त्या कामासाठी २००४ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांतली नेरिका-२, १० आणि १७ अशी काही वाणं क्येलाच्या शेतातच टारफुल्यासमोर टिकलेली दिसली. नेरिका-१सारखी काही तर मुळातून हाकच कमी मारतात.

पण माणूस फक्त टिकणारं खात नाही, आवडणारं खातो. टांझानियातल्या एका लोकप्रिय सुवासिक जुन्या वाणाचं नाव आहे ‘सुपा इंडिया’. बाजारात भाव वासाला मिळतो. टिकणारं पेरावं की विकणारं, हा प्रश्न त्या बाईला दर हंगामाला पडतो आणि त्याचं उत्तर कुठल्याही लेखात मला सापडलं नाही.

हे वाचत असताना मला माझीच एक जुनी कविता आठवत होती. तिच्यात मी सावकाराला बांडगूळ म्हटलं होतं आणि टाळ्याही घेतल्या होत्या. आपल्याकडे हा शब्द माणसांना फार पटकन लावतात. कधी कुणा एकाला, कधी सबंध जमातीला. मलाही एकदा एका संमेलनाच्या मांडवात मागच्या रांगेतून तो ऐकू आला होता. ती कविता मी आता वाचत नाही.

भाचीला मी फोनवर हे सगळं सांगितलं. म्हटलं, जमलं तर एक रोप भातासकट उकरून धुऊन बघ. पुन्हा तिकडे गेली तेव्हा तिनं तिथल्या एका बाईच्या मदतीनं प्रयत्न केला. “मामू, तुटलं,” म्हणाली. “ती बाई हसली. म्हणाली, आम्ही फूल दिसलं की उपटतो, बी धरायच्या आत.” याचा या वर्षीच्या भाताला काही उपयोग नाही हे त्या बाईला ठाऊक होतं. पुढच्यासाठी उपटायचं.

त्या रात्री मला झोप आली नाही. अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली. चाचीही गेली, ते दार बुजलेलं असतानाच. सकाळी मी गावाकडे चुलतभावाला फोन लावला. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, जमीन तोच बघतो, आमचीही. मी म्हटलं, “भाई, त्या साली आपल्या ज्वारीला टारफुला लागला होता. चाचीचा काही संबंध नव्हता. तुमचा भुईमूग हिरवा राहिला कारण टारफुला भुईमुगावर जगत नाही.”

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं रे. तो सायकलवाला आमच्याकडं पण आला होता. पण मोठ्या अब्बांना सांगायचं कुणी? अम्मीच म्हणाली, राहू दे.”

काय बोलावं ते मला सुचेना. म्हणून मी विचारलं, आता तिथं काय आहे.

“ऊस. म्हैसाळचं पाणी आल्यापासून ऊसच.”

“मग टारफुला गेला असेल.”

“कुठला! उसात येतोय आता. बांधाकडच्या सऱ्यांत. काल बघितला, फुलावर आहे.”

मी त्याला म्हटलं, आजच उपट. बोंडं धरायच्या आत. तो म्हणाला, पाऊस उघडू दे, मग बघतो.